अर्धा इंच आत

रविवार, १० मे

ही खरं तर मापांची वही. पुढची पानं गिऱ्हाइकांच्या छाती-कंबरेने भरलेली आहेत, मागची चाळीसेक कोरी आहेत. "पळायचं ठरवलंय तर लिहूनही ठेवा," ही म्हणाली. "नाहीतर पंधरा दिवसांनी म्हणाल, मी कधी बोललो असं?" म्हणून मागच्या पानापासून सुरुवात करतोय.

तर बोललो ते असं. काल हॉस्पिटलात हिची तपासणी होती. ब्लड कॅन्सरचे उपचार संपून तीन वर्षं झाली. रक्त चांगलं, वजन अठ्ठावन्न, सगळं जागच्या जागी. डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली आणि म्हणाल्या, "आता एकदम नोव्हेंबरात या." मला एवढा आनंद झाला की बाहेर येताना भिंतीवरचा कागद वाचला आणि उभ्या उभ्या नाव देऊन मोकळा झालो. रक्ताच्या कर्करोगावरच्या संशोधनाला मदत म्हणून मॅरेथॉन, सहा डिसेंबरला. बेचाळीस किलोमीटर.

घरी आल्यावर शुद्धीवर आलो. वय चोपन्न, कंबर चाळीस. दिवसाचे दहा तास शिलाई मशीनवर बसून जातात. मी बस पकडायलासुद्धा पळत नाही, कारण बायको डेपोच्या चौकशी खिडकीवर असल्यामुळे पुढची बस किती वाजता आहे ते मला तोंडपाठ असतं.

बुधवार, १३ मे

डाकवाले मला पळायला शिकवायला तयार झाले. हे आमच्या भागात टपाल वाटतात आणि आजवर पाच मॅरेथॉन पळालेत. त्यांच्या युनिफॉर्मच्या पॅन्ट्स मीच दुरुस्त करतो, त्यामुळे त्यांच्या मांड्या मला चांगल्या ठाऊक आहेत. आज त्यांना माझ्या कळल्या.

"मास्तर, दिव्याच्या खांबापर्यंत पळा, पुढच्या खांबापर्यंत चाला," ते म्हणाले. तिसऱ्या खांबाला मी मिठी मारली. त्यांनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाले, "सात महिने आहेत. पुष्कळ झाले."

पळायची चड्डी मात्र झकास शिवलीय. काळं सुती कापड, कंबरेला इलॅस्टिक आणि वर नाडी. धावणाऱ्यापेक्षा चड्डी देखणी, असं ही म्हणाली.

रविवार, १४ जून

न थांबता पाच किलोमीटर! घरी येऊन जिन्यावर बसलो तर उठवेना. हिने दोन्ही हात धरून ओढलं आणि हसता हसता स्वतःच खाली बसली.

मदत गोळा करायची युक्ती हिचीच. एकेका गिऱ्हाइकाने पैसे देऊन एकेक किलोमीटर घ्यायचा. जो घेईल त्याच्यासाठी तो किलोमीटर मी पळणार. शाळेतल्या बाईंनी सातवा घेतला. बेकरीवाल्याने विसावा किलोमीटर घेतला आणि वर बजावलं, "माझ्या किलोमीटरमध्ये चालायचं नाही हं." बेचाळीसच्या बेचाळीस गेले. पण मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंच्याण्णव मीटर असते, हे डाकवाल्यांनी आज सांगितलं. ते मीटर कोण घेणार?

"ती उरलेली चिंधी मला ठेवा," ही म्हणाली. म्हणून वहीत लिहिलं: शेवटचे १९५ मीटर, घरच्या बाई.

रविवार, ५ जुलै

आता ही सायकलवर माझ्याबरोबर येते. पुढच्या टोपलीत पाण्याची बाटली, केळी आणि गळ्यात शिट्टी. मी चालायला लागलो की शिट्टी वाजते. तळ्याभोवतीचे कुत्रेसुद्धा आता तिच्या शिट्टीवर पळतात.

माझी कंबर अडतीस झाली. हिच्याही युनिफॉर्मची निळी पॅन्ट कंबरेत सैल वाटली. एवढी सायकल मारते, उतरणारच. काल इस्त्री करताना हळूच अर्धा इंच आत घेतली. शर्टालाही बाजूने तेवढंच. तिला बोललो नाही.

का बोललो नाही ते लिहितो, ही वही कोण वाचतंय? आजारपणात ही महिन्याला चार-चार किलोने उतरत होती. दर आठवड्याला कपडे लोंबायचे. आरशासमोर उभी राहिली की तिचा चेहरा पडायचा तो मला बघवायचा नाही. औषधपाण्यातलं मला काही कळत नव्हतं, पण कपड्यातलं कळत होतं. ही झोपली की कपडे दुकानात न्यायचो, अर्धा अर्धा इंच आत घ्यायचो, सकाळी पुन्हा हँगरला. तिला वाटायचं कपडे बसतायत, म्हणजे एवढी काही उतरले नाही. गिऱ्हाइकाचं कापड आत घेतलं की जास्तीचं मी कापून टाकतो, शिवण स्वच्छ दिसते. हिचं एकदाही कापलं नाही. आत दुमडून ठेवलं आणि बरी झाल्यावर एकेक करून सगळं बाहेर सोडलं. आयुष्यात एवढ्या आनंदाने मी टाके उसवले नव्हते.

ती सवय हाताला राहिली, दुसरं काय.

मंगळवार, ११ ऑगस्ट

दुपारी हॉस्पिटलातून नर्सचा फोन आला. दोन तपासण्यांच्या मध्ये एकदा चौकशी करतात. मी शेजारीच काजं करत बसलो होतो. ताप? नाही. गाठ वगैरे? नाही. वजन?

घरात वजनकाटा नाही. आजारपणात रोज त्यावर उभं राहून हिला त्याचा इतका वीट आला होता की बरी झाल्या दिवशी तिने तो भंगारवाल्याला देऊन टाकला. "काटा नाही आमच्याकडे," ही म्हणाली, "पण कपडे तेच आहेत आणि अगदी जसेच्या तसे बसतायत. माझे यजमान शिंपी आहेत, इकडचं तिकडे झालं तर त्यांना आधी कळेल."

नर्स हसली असावी. मलाही कौतुक वाटलं. काजं चांगली झाली.

रविवार, ३० ऑगस्ट

एकवीस किलोमीटर. म्हणजे अर्धी लढाई. डाकवाल्यांनी पाठीवर अशी थाप मारली की पाणी नाकात गेलं.

ही तळ्याच्या दुसऱ्या फेरीला बाकावर बसून राहिली. सायकलची चेन कुरकुरते म्हणाली. मी घरी येऊन तेल घातलं, चेन तर बरी वाटली. पावसाने दडी मारलीय, उकाडा फार आहे. ही रोज उशीचा अभ्रा बदलते, घामाने ओला होतो म्हणते. खिडकीला जाळी बसवली तर वारा येईल.

शुक्रवार, १८ सप्टेंबर

हिची पॅन्ट पुन्हा अर्धा इंच. कितव्यांदा ते काही लिहून ठेवलेलं नाही.

माझी स्वतःची चड्डी नाडीवर चाललीय, कंबर छत्तीसवर आली ना. रोज म्हणतो उद्या आत घेऊ, आणि रोज गिऱ्हाइकांचं काम पुढे येतं. डाकवाले म्हणतात, "मास्तर, शिंप्याची चड्डी भर रस्त्यात खाली आली तर सगळ्या पेपरांत फोटो येईल. मग मदतच मदत."

रविवार, ११ ऑक्टोबर

आज लिहायलाच हवं. पुलाच्या चढावर मी हिला मागे टाकलं! ती सायकलवर असताना! वर पोहोचून मागे बघतो तर ही खाली उतरून सायकल हाताने ढकलत येतेय. मी वरून हात हलवून शिट्टी मारली. तिने शिट्टीला शिट्टीने उत्तर दिलं नाही, नुसता हात वर केला.

मे महिन्यात खांबाला मिठी मारणारा हाच का तो माणूस? छाती दोन इंच फुगली आहे. टेपने मोजून बघितली नाही, पण असणार.

रविवार, २५ ऑक्टोबर

तीस किलोमीटर. पायाची दोन नखं काळी पडली.

हिने तपासणीची तारीख पुढे ढकलून घेतली. सतरा नोव्हेंबरची होती, आता दहा डिसेंबर. "तुमची शर्यत होऊन जाऊ दे, मग निवांत जाऊ. आधी गेलं की तुम्ही तिथल्या खुर्चीवर बसून नखं खाता आणि आठवडाभर पळत नाही," ती म्हणाली. खोटं नाही ते. हिला माझं किती कळतं.

रविवार, ८ नोव्हेंबर

आज पळणं झालं नाही.

सकाळी यंदाची पहिली थंडी पडली. सायकलवर गार वारा लागेल म्हणून हिने कपाटाच्या वरच्या कप्प्यातून करडा कोट काढला. लग्नाच्या पंचविसाव्या वर्षी मीच शिवलेला, अंगाबरोबर. मार्चपासून कपाटात होता, त्याला माझा हात लागलेला नव्हता. घातला आणि ती आरशासमोर उभी राहिली. खांदे दंडावर उतरले. बटणं लावली तर पुढे मूठभर कापड उभं राहिलं.

"अहो, कोट सैल कसा झाला?" ही म्हणाली. "नुसता ठेवलेला कोट सैल होतो का?"

मी बुटाची लेस बांधत होतो ती बांधतच राहिलो.

"पॅन्ट तर बसते की मला." मग ती थांबली. कोट काढून खुर्चीवर टाकला, पॅन्टची कंबर बोटांनी आतून उलटी केली आणि दुमडलेलं कापड अंगठ्याने चाचपलं. एक घडी, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी. मग माझ्याकडे पाहिलं.

"किती वेळा?"

"पाच."

"कधीपासून?"

"जुलै."

"त्या नर्सला मी फोनवर काय सांगितलं, ठाऊक आहे ना? तुम्ही शेजारी होता. काजं करत होता."

पाच वेळा अर्धा इंच म्हणजे अडीच इंच. लहान पोराला येईल एवढी बेरीज, ती मी चार महिने केली नाही. उशीचे अभ्रे. चेन कुरकुरते म्हणून बाकावर बसणं. पुलाचा चढ. तो चढ मी इथेच कौतुकाने लिहून ठेवलाय, मागचंच पान आहे.

मी म्हणालो, "सायकलमुळे असेल असं वाटलं." माझाच आवाज मला खोटा वाटला.

"उसवा," ही म्हणाली. "सगळं. आत्ता, माझ्यासमोर."

मी खाली बसून पाचही शिवणी उसवल्या. तिने पॅन्ट पुन्हा चढवली आणि हात सोडला, तर पॅन्ट कंबरेवर थांबली नाही. दोन्ही हातांनी धरून ती आरशात बघत राहिली. "असं आहे होय," एवढंच म्हणाली.

बऱ्याच वेळाने माझ्याशेजारी जमिनीवर येऊन बसली. मला वाटलं आता बोलेल, हवं ते बोलेल. ती म्हणाली, "गेल्या वेळी मला माहीत होतं हो. पहिल्याच आठवड्यात कळलं. टाके टोचायचे मला. रडत शिवायचात ना, म्हणून वाकडे पडायचे. मी बोलले नाही, कारण तुमच्या हाताला काहीतरी काम हवं होतं. या वेळी मात्र खरंच कळलं नाही." आणि थोड्या वेळाने, "हात सुधारलाय तुमचा."

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

परत आला आहे.

वजन एक्कावन्न. डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावून सांगितलं, मला अर्धंच ऐकू आलं. सोमवारपासून हॉस्पिटलात राहायचं. मी विचारलं, "ऑगस्टात आलो असतो तर?"

त्या खोटं बोलल्या नाहीत. "थोडं सोपं गेलं असतं," त्या म्हणाल्या. "किती, ते मी सांगू शकत नाही. पण तीन वर्षांपूर्वी हा आजार परतला असता तर माझ्या हातात फारसं काही नसतं. आता एक नवं औषध आहे. ज्या कामासाठी तुम्ही पळताय ना, तशाच कामातून आलेलं."

"मी पळत नाहीये आता," मी म्हणालो.

ही खुर्चीवरून माझ्याकडे वळली. "बेचाळीस लोकांना काय सांगणार? बेकरीवाल्याला काय सांगणार?"

"बायको आजारी आहे म्हणून सांगेन."

"माझ्या नावावर खपवू नका," ही म्हणाली. डॉक्टरीणबाई फाइलमध्ये बघत बसल्या.

सोमवार, १६ नोव्हेंबर

हिला भरती केलं. लेक गावाहून आली आहे, महिनाभर रजा टाकून. मी तिलाही सगळं सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने नुसतं, "बाबा, तुम्ही पण ना," म्हणून डोकं माझ्या खांद्यावर ठेवलं. रागावली असती तर बरं झालं असतं.

निघताना हिने अट घातली. दर रविवारी टेप घेऊन यायचं, तिचं माप तिच्यासमोर घ्यायचं, मोठ्याने वाचायचं आणि या वहीत लिहायचं. तिला विचारल्याशिवाय एक टाकाही घालायचा नाही. मी हो म्हणालो. मला आणखी काहीतरी म्हणायचं होतं, पण तेवढ्यात नर्स रक्त घ्यायला आली.

रविवार, २२ नोव्हेंबर

माप: कंबर साडेसत्तावीस. मोठ्याने वाचताना आवाज फाटला. "पुन्हा वाचा," ही म्हणाली, "खिडकीवर मी असं सांगितलं असतं तर माणसं भलत्याच बसमध्ये चढली असती."

पळायला गेलो होतो. तिच्यासाठी गेलो. पाय आपोआप पडतात, शिट्टी नाही. तळ्यावरचे कुत्रे माझ्यामागून दुसरं कुणी येतंय का ते बघत राहिले.

गुरुवार, २६ नोव्हेंबर

दुकानात नवीन अडचण. आत घ्यायला हात धजत नाही. शाळेतल्या बाई स्कर्ट घेऊन आल्या, कंबरेत एक इंच कमी करा म्हणाल्या. मी खडूने खूण केली आणि तसाच बसून राहिलो. मग त्यांना विचारलं, "तुमची तब्येत बरी आहे ना?" बिचाऱ्या दचकल्या. म्हणाल्या, "अहो मास्तर, बहिणीचा आहे तो, ती जाडी आहे."

आत घ्यायचे पाच कपडे खुंटीला तसेच आहेत. माझी चड्डीही त्यातच. नाडीला आता दोन गाठी मारतो. डाकवाले वैतागलेत. "मास्तर, बेचाळीस किलोमीटर एका हाताने चड्डी धरून पळणार काय?" मी म्हणालो, बघू.

गुरुवार, ३ डिसेंबर

चड्डी सापडत नाही. सगळी कपाटं उलटीपालटी केली. लेकीला विचारलं तर ती म्हणाली, "मी धुवायला नेलीय, बाबा." मी म्हटलं, अगं, धुवायला तीन दिवस? ती म्हणाली, "थंडीत वाळत नाही." आणि डबा घेऊन हॉस्पिटलात गेली.

रविवारचं माप सत्तावीस होतं. हिचं तोंड आलंय, बोलायला त्रास होतो. तरी म्हणाली, "शर्यतीच्या दिवशी इकडे यायचं, पण पूर्ण करून. अर्धवट आलात तर दार उघडणार नाही." तिथलं दार तिला उघडता येत नाही, नर्स उघडते.

रविवार, ६ डिसेंबर

झोपायच्या आधी लिहून टाकतो, उद्या उठवणार नाही.

सकाळी लेकीने चड्डी आणून दिली. घातली तर नाडी न आवळता कंबरेवर बसली. धुऊन आटली असणार, सुती कापडाचं तसंच असतं. बरं झालं, म्हटलं.

सुरुवातीला हजारभर माणसं होती. कुणाच्या पाठीवर आईचा फोटो, कुणाच्या पाठीवर लहान मुलाचा. मी पाठीवर काही लावलं नव्हतं. किलोमीटर एक, चावीवाला. दोन, समोरची म्हातारी आणि तिची मांजर. ज्याचा किलोमीटर त्याला आठवत पळायचं ठरवलं होतं, त्यामुळे सोबत चांगली होती. बाराव्या किलोमीटरपासून मात्र उजव्या कुशीला कंबरेखाली काहीतरी टोचायला लागलं. मी चालता चालता हाताने सारखं केलं, पुन्हा टोचलं. विसाव्या किलोमीटरमध्ये बेकरीवाल्यासाठी चाललो नाही. पंचविसापर्यंत डावीकडेही टोचायला लागलं. मी मनात म्हटलं, कुणी शिवलीय ही, आणि मग आठवलं की मीच.

तेहतिसाव्या किलोमीटरला माझ्यातलं सगळं संपलं. रस्त्याच्या कडेला बसलो. डाकवाले केव्हाच पुढे गेले असतील असं वाटलं होतं, पण ते माझ्या मागेच होते, मुद्दाम. शेजारी बसले.

मी म्हणालो, "डाकवाले, मी तिला चार महिने लपवलं. तिच्यापासूनच."

ते आपले बूट बघत म्हणाले, "मास्तर, पस्तीस वर्षं पत्रं वाटतोय. वाईट बातमीचं पाकीट हाताला कळतं. कितीदा वाटलं, आज नको, उद्या देऊ. दोनदा दिलं नाही. दोनदा." मग उठून त्यांनी हात पुढे केला. "चला, हा किलोमीटर कुणाचा?"

"तुमचाच," मी म्हणालो. खरंच त्यांचाच होता.

बेचाळिसाव्याच्या पाटीजवळ लेक उभी होती, रडत आणि टाळ्या वाजवत. तिथून पुढे हिचे एकशे पंच्याण्णव मीटर. ते मी पळालो नाही. चाललो. हिचे होते, मला ते भराभर संपवायचे नव्हते. डाकवाले पुढून ओरडत होते, "मास्तर, घड्याळ बघा, घड्याळ!" लोकांना वाटलं मी थकलो, तेही हात हलवून ओरडत होते. मी एकेक पाऊल टाकत हिच्याशी बोलत गेलो. भरती केलं त्या दिवशी निघताना बोलायचं राहिलेलं ते सगळं बोललो. चुकलो म्हणालो. जाऊ नकोस म्हणालो.

मग कपडे बदलायच्या तंबूत चड्डीची कंबर उलटी केली. दोन्ही बाजूंना घडी घातलेली आणि वर धावदोरा. काळ्या कापडावर निळा दोरा, डेपोच्या युनिफॉर्मचा. एक टाका नखाएवढा, पुढचा बोटाएवढा, आणि दर चार टाक्यांना मटाराएवढी गाठ. बत्तीस वर्षांत हिने सुईला हात लावलेला नाही. "घरात एक शिंपी पुरे," म्हणायची. सुया टोचून टोचून हाताला जागा उरलेली नाही, तिथे हिने तीन दिवस बसून हे शिवलं.

मी तंबूत मोठमोठ्याने रडलो. शेजारच्या तरुणाने मला पाण्याची बाटली दिली आणि म्हणाला, "काका, पेटका आला का?"

हॉस्पिटलात नर्सने मास्क, झगा सगळं चढवून आत सोडलं. ही जागी होती. माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं आणि हळूच विचारलं, "टोचलं?"

"बाराव्या किलोमीटरपासून."

"छान," ही म्हणाली. डोळे मिटले, पण हसत होती. "न सांगता घेतलं हं मी आत. झाली फिट्टंफाट."

मग म्हणाली, "रविवार आहे आज. टेप आणलीय ना?"

आणली होती. साडेसव्वीस.

रविवार, १० जानेवारी

माप: साडेसव्वीस. गेले चार रविवार तेच. घटलं नाही, हे आम्ही दोघंही मोठ्याने बोलत नाही. हिला आठवडाभर घरी सोडलंय. निळी पॅन्ट घालून बघायची म्हणाली. तिला विचारून, तिच्यासमोर, पॅन्ट साडेसव्वीसवर आत घेतली. कापड कापलं नाही. "कापायची असेल तर कापा," ही म्हणाली, "शिवण स्वच्छ दिसेल."

"आपलं काम नव्हे ते," मी म्हणालो.

दुकानातले खुंटीवरचे कपडे आता एकेक करून देतोय. माझी चड्डी आहे तशीच ठेवलीय, तो दोरा कुणी उसवायचा नाही.

रविवार, ७ मार्च

सकाळी टेप लावली आणि वाचलं नाही. पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा.

"काय झालं?" ही म्हणाली. "मोठ्याने वाचायचं ठरलंय."

"थांब जरा."

"सैल धरताय तुम्ही. द्या इकडे." तिने माझ्या हातातून टेप घेतली, स्वतःच कंबरेभोवती लपेटली, चष्मा वर केला आणि आकड्यावर बोट ठेवून बघत राहिली. डोक्यावर बोटभर केस आलेत, पांढरे आणि मऊ. मग चौकशी खिडकीवरच्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "सत्तावीस. लिहा."

लिहिलं. डॉक्टरीणबाई मंगळवारीच म्हणाल्या होत्या की औषध लागू पडतंय, अजून पुष्कळ चालायचं आहे, पण लागू पडतंय. तेव्हा मी मान हलवली होती. विश्वास बसला तो आज.

दुकान उघडलं नाही. घरातच खिडकीशी बसलो, पॅन्ट उलटी केली आणि कातरीच्या टोकाने पहिला टाका उचलला. ही समोर चहा घेऊन बसली होती, माझ्या हाताकडे बघत.

"विचारलं नाहीत," ती म्हणाली.

"सोडू का?"

"सोडा."

अर्धा इंच बाहेर सोडला.